विश्लेषण : गुन्हे दाखल असूनही उमेदवारी कशी मिळते? अपात्र नेमके कोण ठरते?

२०२४ मध्ये लोकसभेवर निवडून आलेल्या ५४३ खासदारांपैकी २५१ जणांनी आपल्यावर फौजदारी गुन्हे असल्याचे स्वतःच प्रतिज्ञापत्रात लिहून दिले. हे प्रमाण ४६ टक्के आहे. त्याच वर्षी महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आलेल्या २८६ आमदारांची प्रतिज्ञापत्रे ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ (एडीआर) या संस्थेने तपासली. त्यातील १८७ जणांवर, म्हणजे ६५ टक्के आमदारांवर गुन्हे असल्याची नोंद होती. ११८ जणांवरील गुन्हे गंभीर स्वरूपाचे होते.

पोलीस शिपायाच्या भरतीत चारित्र्य पडताळणी होते. सरकारी कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर केंद्राच्या सेवा नियमांनुसार तो निलंबित मानला जातो. मग कायदे करणाऱ्यांसाठी वेगळा न्याय का, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत विचारला जातो. त्यावर ‘गुन्हे असतील तर उभेच राहू देऊ नका’ हे उत्तर सोपे वाटते. पण गुन्हा दाखल कोण करतो, खटला किती वर्षे चालतो आणि नंतर तोच उमेदवार निर्दोष ठरला तर काय, हे पाहिले की उत्तर तितके सोपे राहत नाही.

गुन्हा दाखल होणे आणि दोषी ठरणे यात फरक काय?

‘गुन्हेगारी पार्श्वभूमी’ या एका शब्दप्रयोगात चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. पहिली पायरी प्रथम माहिती अहवालाची, म्हणजे एफआयआरची. कोणीही तक्रार केली आणि ती दखलपात्र असेल तर पोलीस गुन्हा नोंदवतात. दुसरी पायरी दोषारोपपत्राची. तपास करून पोलीस ते न्यायालयात सादर करतात. तिसरी पायरी आरोप निश्चितीची. कागदपत्रे पाहून खटला चालवण्याइतपत आधार आहे, असे न्यायाधीशांना वाटले तर ते आरोप निश्चित करतात. चौथी पायरी दोषसिद्धीची, म्हणजे साक्षीपुरावे होऊन न्यायालयाने दोषी ठरवण्याची.

पहिल्या दोन पायऱ्या पोलिसांच्या हातात असतात, पुढच्या दोन न्यायालयाच्या. भारतातील कायदा उमेदवाराला अपात्र ठरवतो तो केवळ चौथ्या पायरीवर. त्यामुळे वर दिलेल्या आकडेवारीतील बहुतेक लोकप्रतिनिधी कायद्याच्या दृष्टीने निवडणूक लढवण्यास पूर्णपणे पात्र होते.

कायदा नेमके काय सांगतो?

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मधील कलम ८ यासाठी महत्त्वाचे आहे. त्यात तीन गट आहेत.

पहिल्या गटात कायद्यानेच नावे घेऊन सांगितलेले गुन्हे येतात. दोन गटांत शत्रुत्व पसरवणे, निवडणुकीतील लाचखोरी, बलात्कार, विवाहितेचा छळ, अस्पृश्यता पाळणे, अमली पदार्थ, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आणि यूएपीएखालील गुन्हे ही त्यातील काही उदाहरणे. यात शिक्षा किती झाली हे महत्त्वाचे नाही. केवळ दंड झाला तरी दोषी ठरल्याच्या दिवसापासून सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही.

दुसऱ्या गटात साठेबाजी, नफेखोरी, अन्न व औषधांतील भेसळ आणि हुंड्याशी संबंधित गुन्हे आहेत. त्यात किमान सहा महिन्यांची शिक्षा झाली तर अपात्रता लागू होते.

तिसऱ्या गटात उरलेले सर्व गुन्हे येतात. अट एकच, शिक्षा दोन वर्षे किंवा त्याहून अधिक हवी. खून, खंडणी, फसवणूक, बदनामी असे सगळे या गटात मोडते.

तुरुंगवासाची शिक्षा झाली की अपात्रता दोषी ठरल्याच्या दिवशी सुरू होते आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे चालते. समजा, एखाद्याला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याने ती पूर्ण भोगली, तर तो एकूण नऊ वर्षे निवडणुकीबाहेर राहील. त्यानंतर मात्र त्याला पुन्हा अर्ज भरता येतो.

ही मुदत कमी करण्याचा अधिकार कलम ११ नुसार निवडणूक आयोगाला आहे. सिक्कीमचे मुख्यमंत्री प्रेमसिंग तमांग यांना भ्रष्टाचाराच्या प्रकरणात एक वर्षाची शिक्षा झाली होती. २०१८ मध्ये ते सुटले आणि २०१९ मध्ये आमदार नसताना मुख्यमंत्री झाले. त्यांची सहा वर्षांची अपात्रता आयोगाने त्याच वर्षी एक वर्ष एक महिन्यावर आणली आणि पोटनिवडणूक लढवण्याचा त्यांचा मार्ग मोकळा झाला.

२०१३ पूर्वी आमदार-खासदारांना कोणती सवलत होती?

२०१३ पर्यंत कलम ८ (४) अस्तित्वात होते. विद्यमान खासदार किंवा आमदार दोषी ठरला तर त्याला तीन महिन्यांची मुदत मिळे. त्या काळात त्याने अपील केले की अपिलाचा निकाल लागेपर्यंत पद शाबूत राही. अपिले वर्षानुवर्षे चालत असल्याने पद जाण्याची वेळ सहसा येतच नसे. सामान्य उमेदवाराला ही सवलत नव्हती.

१० जुलै २०१३ रोजी ‘लिली थॉमस’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. तेव्हापासून दोषी ठरल्याच्या क्षणी पद जाते. हा निकाल निष्प्रभ करण्यासाठी तत्कालीन केंद्र सरकारने अध्यादेश आणला होता. पण राहुल गांधी यांनीच पत्रकार परिषदेत त्यावर जाहीर टीका केली आणि २ ऑक्टोबर २०१३ रोजी मंत्रिमंडळाने तो मागे घेतला. त्या महिन्यातच काँग्रेसचे राज्यसभा सदस्य रशीद मसूद आणि चारा घोटाळ्यात दोषी ठरलेले लालूप्रसाद यादव यांची खासदारकी गेली.

दहा वर्षांनी याच निकालाचा फटका राहुल गांधी यांना बसला. २३ मार्च २०२३ रोजी सुरतच्या न्यायालयाने बदनामीच्या खटल्यात त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची खासदारकी रद्द झाली. बदनामीसाठी दोन वर्षे ही कमाल शिक्षा आहे. ती एक दिवसाने कमी असती तरी अपात्रता लागू झाली नसती. कमाल शिक्षा का दिली याचे कारण खालच्या न्यायालयाने दिले नसल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष वेधले आणि ४ ऑगस्ट २०२३ रोजी दोषसिद्धीला स्थगिती दिली. ७ ऑगस्टला खासदारकी पुन्हा बहाल झाली.

‘दोषसिद्धीला स्थगिती’ इतकी महत्त्वाची का?

अपील करताना दोन वेगळ्या मागण्या करता येतात. एक, शिक्षेला स्थगिती. ती मिळाली की आरोपी जामिनावर बाहेर येतो, पण कायद्याच्या नजरेत दोषीच राहतो. दुसरी, दोषसिद्धीला स्थगिती. ती मिळाली तरच अपात्रता थांबते. ही स्थगिती अपवादात्मक परिस्थितीतच द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे.

महाराष्ट्रातील दोन प्रकरणांतून हा फरक स्पष्ट होतो. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे घोटाळ्यात काँग्रेसचे सावनेरचे आमदार सुनील केदार यांना २२ डिसेंबर २०२३ रोजी पाच वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला, पण दोषसिद्धीला स्थगिती दिली नाही. आमदारकी गेली आणि २०२४ ची विधानसभाही लढवता आली नाही.

दुसरे प्रकरण राष्ट्रवादी काँग्रेसचे माणिकराव कोकाटे यांचे. १९९५ मध्ये मुख्यमंत्री कोट्यातील सदनिका मिळवताना कमी उत्पन्नाची खोटी माहिती दिल्याचा आरोप त्यांच्यावर होता. २० फेब्रुवारी २०२५ रोजी नाशिकच्या न्यायालयाने त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा ते राज्याचे कृषिमंत्री होते. सत्र न्यायालयाने आधी दोषसिद्धीला स्थगिती दिल्याने पद वाचले. डिसेंबर २०२५ मध्ये अपिलात शिक्षा कायम झाल्यावर त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. उच्च न्यायालयाने जामीन दिला, पण दोषसिद्धीला स्थगिती नाकारली. अखेर आमदारकी जाणार नाही, एवढ्यापुरती स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने दिली.

दोन्ही प्रकरणांत आणखी एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे काळ. बँकेचा घोटाळा २००२ मधला, निकाल २०२३ मध्ये. सदनिकांचे प्रकरण १९९५ मधले, निकाल २०२५ मध्ये. मधल्या काळात दोघेही अनेकदा निवडून आले आणि मंत्रीही झाले. कायदा दोषसिद्धीची वाट पाहतो, पण ती यायला वीस-तीस वर्षे लागत असतील तर अपात्रतेच्या तरतुदीला कितपत अर्थ उरतो, हा टीकाकारांचा मुख्य आक्षेप आहे.

तुरुंगातून लढता येते, पण मत देता येत नाही?

होय. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ (५) नुसार तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्या व्यक्तीला मतदान करता येत नाही. केवळ प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्यांना यातून सूट आहे. ज्याला मत देता येत नाही तो उभाही राहू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये दिला होता. संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून तो निष्प्रभ केला. कोठडीत असल्याने मतदार यादीतील नाव रद्द होत नाही, त्यामुळे उमेदवारीही रद्द होत नाही, अशी ती दुरुस्ती आहे.

२०२४ मध्ये पंजाबातील खडूर साहिबमधून अमृतपाल सिंग आणि काश्मीरमधील बारामुल्लातून इंजिनीअर रशीद तुरुंगात असतानाच निवडून आले. दोघांपैकी कोणीही तेव्हा दोषी ठरलेले नव्हते. १९७७ मध्ये आणीबाणीनंतर जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातूनच बिहारमधील मुझफ्फरपूरमधून लोकसभेवर गेले होते. तुरुंगात असलेल्यांना सरसकट बंदी असती तर फर्नांडिस यांनाही उभे राहता आले नसते. पोलीस ज्यांच्या हाती, त्यांना विरोधी उमेदवार ठरवण्याचा अधिकार मिळेल, ही भीती त्या काळापासून आहे.

आरोप निश्चित होताच बंदी घालावी, ही सूचना कोणाची?

निवडणूक आयोग १९९८ पासून असा प्रस्ताव मांडत आला आहे. विधी आयोगाने फेब्रुवारी २०१४ मध्ये दिलेल्या २४४ व्या अहवालात त्याचा सविस्तर आराखडा मांडला. पाच वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायालयाने आरोप निश्चित केले की उमेदवार अपात्र ठरावा, अशी ती शिफारस आहे. ऐन निवडणुकीच्या तोंडावर खटले लादले जाऊ नयेत, म्हणून उमेदवारी अर्जांच्या छाननीआधीच्या एक वर्षातील आरोप धरू नयेत, अशी अटही सुचवली होती.

सप्टेंबर २०१८ मध्ये ‘पब्लिक इंटरेस्ट फाउंडेशन’ खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठासमोर हा मुद्दा आला. अपात्रतेची नवी अट घालणे हे संसदेचे काम आहे, न्यायालय ती जोडू शकत नाही, असे पीठाने सांगितले आणि संसदेने कडक कायदा करावा, अशी शिफारस केली. तो कायदा अद्याप झालेला नाही.

या सूचनेला विरोध का होतो?

समाजवादी पक्षाचे आझम खान यांचे उदाहरण यात नेहमी दिले जाते. २०१९ मधील प्रक्षोभक भाषणाच्या खटल्यात रामपूरच्या न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. दुसऱ्याच दिवशी आमदारकी रद्द झाली. डिसेंबरमध्ये पोटनिवडणूक होऊन भाजपचा उमेदवार निवडून आला. त्यानंतर मे २०२३ मध्ये सत्र न्यायालयाने त्याच खटल्यात आझम खान यांना निर्दोष ठरवले. पण तोवर जागा गेली होती आणि ती परत मिळण्याची तरतूद कायद्यात नाही. आझम खान यांच्यावर इतर अनेक खटले आहेत, हा मुद्दा वेगळा. दोषसिद्धीनंतरही असे होत असेल, तर केवळ आरोपांवर बंदी घातल्यास काय होईल, असा विरोधकांचा सवाल आहे.

उलट उदाहरणही आहे. तमिळनाडूच्या तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांना बेहिशेबी मालमत्तेच्या प्रकरणात सप्टेंबर २०१४ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली आणि पद गेले. मे २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्या पुन्हा मुख्यमंत्री झाल्या, २०१६ ची निवडणूकही जिंकल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये खालच्या न्यायालयाचा निकाल पुन्हा ग्राह्य धरला, तेव्हा त्यांचे निधन होऊन दोन महिने झाले होते.

महाराष्ट्राच्या संदर्भात आंदोलनांतील गुन्ह्यांचा मुद्दा आणखी महत्त्वाचा आहे. रास्ता रोको, मोर्चा, कार्यालयाला टाळे ठोकणे अशा आंदोलनांनंतर ‘सरकारी कामात अडथळा’ आणल्याचे भारतीय दंड विधानाचे कलम ३५३ हमखास लागत असे. महाराष्ट्राने या कलमाची कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षे केली होती. म्हणजे विधी आयोगाची पाच वर्षांची कसोटी तेव्हा लागू असती, तर ऊसदरासाठी किंवा पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेला कार्यकर्ता आणि खंडणीचा आरोपी एकाच यादीत आले असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या गुन्ह्याची कमाल शिक्षा दोन वर्षे आहे. केवळ शिक्षेच्या आकड्यावरून गुन्ह्याचे गांभीर्य ठरवण्यातील अडचण यातून लक्षात येते.

आजन्म बंदी का घातली जात नाही?

दोषी ठरलेल्या लोकप्रतिनिधींवर कायमची बंदी घालावी, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात २०१६ पासून आहे. सरकारी नोकर दोषी ठरला की बडतर्फ होतो आणि परत येत नाही, मग कायदे करणारा सहा वर्षांनी परत कसा येतो, असा याचिकाकर्त्यांचा युक्तिवाद आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला विरोध केला. मुदत किती असावी हे ठरवणे संसदेचे काम आहे आणि मर्यादित मुदतीची शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात राहते, अशी भूमिका केंद्राने मांडली.

आजन्म बंदीला तत्त्वाचाही आक्षेप आहे. शिक्षा भोगून झाल्यावर माणूस समाजात परत येऊ शकतो, हे फौजदारी कायद्यात गृहीत असते. विशीत हाणामारीत दोन वर्षे शिक्षा झालेला माणूस साठीतही ग्रामस्थांचे प्रतिनिधित्व करू शकणार नाही, हे न्याय्य आहे का, असा प्रश्न विरोधक विचारतात.

राजकीय पक्ष अशांना उमेदवारी का देतात?

याचे कारण आकड्यांत आहे. एडीआरच्या विश्लेषणानुसार २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गुन्हे असलेले १,६४३ उमेदवार होते आणि त्यातील २५१ जिंकले. हे प्रमाण १५.३ टक्के होते. गुन्हे नसलेल्या उमेदवारांपैकी ४.४ टक्के जिंकले.

अर्थात, हा आकडा जपून वाचायला हवा. गुन्हे नसलेल्या उमेदवारांत शेकडो अपक्ष आणि नाममात्र पक्षांचे उमेदवार असतात, ज्यांना जिंकण्याची संधी मुळातच नसते. गुन्हे असलेल्यांत मोठ्या पक्षांचे उमेदवार जास्त असतात. त्यामुळे ‘गुन्हे आहेत म्हणून जिंकले’ असा निष्कर्ष यातून निघत नाही. ‘मोठ्या पक्षांना अशा उमेदवारांचे वावडे नाही’ एवढे मात्र निश्चित निघते. २००९ मध्ये गुन्हे असलेल्या खासदारांचे प्रमाण ३० टक्के होते. २०१४ मध्ये ते ३४, २०१९ मध्ये ४३ आणि २०२४ मध्ये ४६ टक्के झाले. या काळात केंद्रात वेगवेगळ्या आघाड्यांची सरकारे आली, पण आकडा वाढतच राहिला.

राजकीय अभ्यासक मिलन वैष्णव यांनी या विषयावरील २०१७ मधील पुस्तकात दोन बाजू मांडल्या आहेत. निवडणूक महाग झाल्याने स्वतःचा खर्च स्वतः उचलणारा, वर पक्षालाही पैसा देणारा उमेदवार पक्षांना हवा असतो. दुसरीकडे, जिथे पोलीस ठाणे, तहसील कार्यालय आणि न्यायालय सामान्य माणसाचे काम वेळेत करत नाही, तिथे ‘आपले काम करून देणारा’ दबंग माणूस मतदारांना उपयोगी वाटतो. म्हणजे मतदाराला त्याच्यावरचे गुन्हे ठाऊक नसतात असे नाही. कित्येकदा ते ठाऊक असूनच त्याला मत दिले जाते.

कायद्याने एखाद्याला बाहेर ठेवले तरी उमेदवारी घरातच राहते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१४ मध्ये शिवसेनेचे शिर्डीचे लोकसभा उमेदवार बबनराव घोलप बेहिशेबी मालमत्तेच्या प्रकरणात दोषी ठरल्याने ऐन वेळी बाद झाले. त्याच वर्षी त्यांचे पुत्र योगेश घोलप देवळालीतून आमदार झाले. २०२४ मध्ये सावनेरमधून सुनील केदार यांच्या पत्नी अनुजा केदार उभ्या राहिल्या, पण पराभूत झाल्या.

पक्षांवर काही बंधने आहेत का?

आहेत. १३ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की गुन्हे असलेला उमेदवार दिल्यास पक्षाने त्याच्या गुन्ह्यांचा तपशील संकेतस्थळ, समाजमाध्यमे आणि वृत्तपत्रांत द्यावा. त्याचबरोबर हाच उमेदवार का निवडला आणि गुन्हे नसलेला दुसरा का मिळाला नाही, याचे कारणही जाहीर करावे. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढेच कारण चालणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हा तपशील ‘सी-७’ या नमुन्यात द्यावा लागतो.

त्यानंतरच्या बिहार निवडणुकीत हे आदेश नीट पाळले न गेल्याने १० ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने पक्षांना अवमानासाठी दंड केला. भाजप आणि काँग्रेससह काही पक्षांना प्रत्येकी एक लाख, तर माकप आणि राष्ट्रवादी काँग्रेसला प्रत्येकी पाच लाख रुपये. आजही सी-७ मध्ये ‘लोकप्रिय कार्यकर्ता’, ‘समाजसेवेची आवड’, ‘गुन्हे राजकीय सूडातून’ अशा धर्तीची कारणे लिहून वेळ मारून नेता येते. कारण पुरेसे आहे की नाही हे तपासून उमेदवारी रद्द करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मंत्र्यांसाठी आलेले नवे विधेयक काय आहे?

२० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत १३० वे घटनादुरुस्ती विधेयक मांडण्यात आले. पाच वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात पंतप्रधान, मुख्यमंत्री किंवा मंत्री सलग ३० दिवस कोठडीत राहिले, तर ३१ व्या दिवशी त्यांचे पद जाईल, अशी त्यात तरतूद आहे. सुटकेनंतर त्यांची पुन्हा नियुक्ती होऊ शकते. दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल २०२४ मध्ये अटकेनंतरही पदावर राहिले होते, त्याची पार्श्वभूमी या विधेयकाला आहे.

तुरुंगातून सरकार चालू नये, ही सरकारची बाजू. अटक करणे तपास यंत्रणांच्या हातात असते, त्यामुळे खटला सुरू होण्याआधीच विरोधी पक्षांची सरकारे पाडता येतील, हा विरोधकांचा आक्षेप. विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे पाठवण्यात आले. चार पायऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर हे विधेयक आरोप निश्चितीच्याही आधीच्या टप्प्यावर पद काढून घेते. मात्र ते मंत्रिपदापुरते आहे. आमदारकी, खासदारकी किंवा उमेदवारीला त्याने धक्का लागत नाही.

इतर देशांत काय नियम आहेत?

अमेरिकेच्या राज्यघटनेत दोषी व्यक्तीला अध्यक्षपदासाठी मनाई नाही. १९२० मध्ये समाजवादी नेते युजीन डेब्ज यांनी तुरुंगातून निवडणूक लढवून नऊ लाखांहून अधिक मते मिळवली होती. मे २०२४ मध्ये ३४ आरोपांत दोषी ठरलेले डोनाल्ड ट्रम्प नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदी निवडून आले. तिथे निर्णय मतदारांवर सोडलेला आहे.

ब्रिटनमध्ये एक वर्षाहून अधिक शिक्षा झालेली व्यक्ती ती भोगत असेपर्यंत खासदार होऊ शकत नाही. १९८१ मध्ये उत्तर आयर्लंडमधील उपोषणकर्ते कैदी बॉबी सँड्स तुरुंगातून निवडून आल्यावर हा कायदा झाला.

ब्राझीलचा मार्ग भारतासाठी सर्वात उद्बोधक आहे. लाखो नागरिकांच्या सह्यांच्या मोहिमेतून २०१० मध्ये तिथे ‘फिशा लिंपा’, म्हणजे कोरी पाटी, हा कायदा आला. एकापेक्षा अधिक न्यायाधीशांच्या पीठाने दोषी ठरवल्यास आठ वर्षे बंदी, असा तो नियम. अपिलाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत थांबायचे नाही आणि एकट्या न्यायाधीशाच्या निर्णयावरही विसंबायचे नाही, असा मध्यम मार्ग त्यात आहे. पण त्याच कायद्याने २०१८ मध्ये लुला दा सिल्वा यांना निवडणुकीबाहेर ठेवले. २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्धचे निकाल रद्द झाले आणि २०२२ मध्ये ते अध्यक्षपदी निवडून आले. नियम कितीही काळजीपूर्वक आखला तरी एखादी निवडणूक निसटण्याचा धोका राहतोच.

खटले लवकर निकाली काढणे शक्य आहे का?

आरोपीला उभे राहू द्यावे की नाही हा वाद तीव्र होतो, कारण निकाल वेळेत लागत नाही. आरोप निश्चित झाल्यापासून एक वर्षात लोकप्रतिनिधींवरील खटले संपवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्येच सांगितले होते. डिसेंबर २०१७ मध्ये १२ विशेष न्यायालयांना मंजुरी मिळाली. तरीही २०२० मध्ये न्यायालयाच्या सहायक वकिलांनी दिलेल्या अहवालानुसार आजी-माजी खासदार-आमदारांवरील ४,४४२ खटले प्रलंबित होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची अट घातली. उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय लोकप्रतिनिधींवरील खटले राज्य सरकारांना मागे घेता येणार नाहीत. सत्ता बदलली की आपल्या नेत्यांवरील खटले मागे घेण्याच्या प्रथेला त्यामुळे चाप बसला. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रत्येक उच्च न्यायालयाने या खटल्यांवर स्वतःहून देखरेख ठेवावी, असा आदेश झाला.

खटला एक-दोन वर्षांत संपला तर दोन्ही बाजूंचा आक्षेप बराच सौम्य होतो. दोषी असेल तो पुढच्या निवडणुकीआधी बाहेर जाईल आणि खोट्या गुन्ह्यात अडकवलेला असेल तो निर्दोष म्हणून मतदारांसमोर जाईल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. न्यायाधीश, सरकारी वकील आणि साक्षीदार वेळेवर हजर राहतील अशी व्यवस्था लागते. खटला लांबण्यात ज्यांचा फायदा आहे, त्यांच्याच हाती त्या व्यवस्थेचा निधी असणे ही यातील खरी अडचण आहे.

मतदाराला मोबाइलवर काय पाहता येते?

उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ मधील निकालांत मान्य केले. त्यातून ‘नमुना २६’ हे प्रतिज्ञापत्र आले. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ‘नो युवर कॅन्डिडेट’ या अ‍ॅपवर लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे पाहता येतात. एडीआरच्या ‘मायनेता’ या संकेतस्थळावर तीच माहिती सोप्या तक्त्यात मिळते. महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथेही उमेदवाराला प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

प्रतिज्ञापत्र वाचताना गुन्ह्यांची संख्या पाहून थांबू नये. तीन गोष्टी पाहाव्यात. कलम कोणते आहे, म्हणजे जमावबंदी मोडल्याचे की खून, खंडणी, विनयभंगाचे. आरोप निश्चित झाले आहेत का, म्हणजे न्यायाधीशांनी कागदपत्रे पाहिली आहेत की प्रकरण अजून पोलिसांकडेच आहे. आणि गुन्हा कोणत्या वर्षीचा आहे. आंदोलनातील वीस गुन्हे असलेला उमेदवार आणि फसवणुकीचा एकच, पण आरोप निश्चित झालेला गुन्हा असलेला उमेदवार यांच्यातील फरक या तीन रकान्यांतून कळतो.

प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिली किंवा माहिती लपवली तर कलम १२५-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मात्र हे कलम अपात्रतेच्या पहिल्या दोन गटांत येत नाही आणि त्याची कमाल शिक्षा दोन वर्षांपर्यंत पोहोचत नाही. म्हणजेच गुन्हे लपवल्याबद्दल या कलमाखाली दोषी ठरलेला उमेदवार केवळ त्या शिक्षेमुळे अपात्र ठरत नाही. या कलमाची शिक्षा किमान दोन वर्षे करावी आणि ते अपात्रतेच्या यादीत घालावे, अशी शिफारस विधी आयोगाने २०१४ च्या त्याच अहवालात केली आहे. संसदेने ती अद्याप स्वीकारलेली नाही.